न दिलेलं आवतण

मी सूड घेतला आणि पुरता घेतला. हे आधीच लिहून टाकतो, कारण मागाहून लिहायला गेलो तर स्वतःला सांभाळून घेईन. माझ्या शेजाऱ्याने मला गल्लीसमोर खाली बघायला लावलं होतं आणि माझ्या बापाचं पान रिकामं ठेवलं होतं. त्याची भरपाई मी करून घेतली.  

आम्ही दोघं सुरतच्या नवागामात एकाच ओळीतल्या दोन खोल्यांत राहतो. ओटा एकच, मधे कमरेएवढी भिंत. तो आमच्या तालुक्यातला, आमच्या गावापासून त्याचं गाव एका नाल्यापलीकडे. सुरतला तो माझ्याआधी दोन वर्षं आला. मला माग चालवायला त्यानेच शिकवलं. एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, समोरासमोरच्या मागांवर आम्ही वीस वर्षं उभे राहिलो. मागाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून आणि हातांवरून बोलणं ओळखतात. त्याचा हात उठला की मला कळायचं, दोरा तुटलाय की चहा आलाय. आणि माझा खोकला त्याला माझ्या तोंडासारखा ओळखीचा होता. सुताची धूळ खाऊन पंधरा वर्षांपूर्वी लागलेला खोकला. कोरडा, तीन ठसक्यांचा. मग मिनिटभर काही नाही. तोच म्हणायचा, "आला रे भो तुझा पाहुणा."

लॉकडाऊन लागला आणि माग थांबले. पहिले दोन दिवस आमच्या कानांत नुसतं वाजत होतं. सगळी गल्ली घरात बसली आणि सगळी गल्ली ओरडूनच बोलत होती, कारण हळू बोलायची सवयच कुणाला नव्हती. एका खोलीत दिवसपाळीची आणि रातपाळीची माणसं आलटून पालटून झोपायची. आता दोन्ही पाळ्या एकाच वेळी घरात. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. दुधाच्या दुकानापुढे चुन्याची वर्तुळं काढली. उन्हात कोण उभं राहणार, म्हणून लोक वर्तुळात चपला ठेवायचे आणि सावलीला घोळका करून बसायचे. चपला एकमेकींपासून अंतर राखून, माणसं खांद्याला खांदा लावून. माझ्या बायकोने घरातल्या ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या तुकड्यांचे मास्क शिवले. ते कापड पाण्यातून काढलं नव्हतं, त्याला खळीचा वास होता. तो वास नाकात गेला की माझा खोकला जास्तच उसळायचा.

त्या वेळी आई आमच्याकडे होती. वडील मार्गशीर्षात गावी वारले, आणि तेराव्यानंतर मी तिला सुरतला आणलं. शेजारी तेव्हा गावी माझ्याबरोबर आला होता. वडिलांचं आणि त्याचं जमायचं. वडील सुरतला आले की दोघं ओट्यावर पत्ते खेळायचे, आणि वडील हरले की पत्ते भिंतीपलीकडे फेकून द्यायचे. तेराव्याला त्यानेच आईला सांगितलं, "माय, आबांच्या पहिल्या आखाजीला मी बठसू."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवायचे, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा. आणि एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवायचं. तो सकाळपासून उपाशी राहतो. घरातला कर्ता त्याच्या दारी जाऊन आवतण देतो, "जेवाले चाला." मग तो येतो, त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, आणि त्याचं पोट भरल्यावर घरच्यांनी जेवायचं. तो जेवला की आपला माणूस जेवला. पहिल्या वर्षी तर हे चुकवायचंच नाही.

पण त्याआधीच आमचं फाटलं. गल्लीतून एक स्वयंसेवक पाहिजे होता. शेजाऱ्याने पुढे होऊन नाव दिलं. त्याला पिवळं जाकीट मिळालं आणि एक शिट्टी. वीस वर्षं मालकाचं ऐकलेल्या माणसाच्या गळ्यात शिट्टी आली की काय होतं ते मी पाहिलं. चालण्यातच फरक पडला. आम्हा दोघांत तो नेहमी अहिराणी बोलायचा, आता गल्लीत हिंदी बोलायला लागला.

एका सकाळी मी दुधाच्या रांगेत होतो. खोकला आला. तीन ठसके. त्याने शिट्टी वाजवली.

"ए, तुम. साइड में."

मी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला.

"तुमकोच बोल रहा हूँ. कितना दिन से खाँसी है?"

"पंधरा वर्षांपासून," मी म्हणालो. "तुले नही माहीत?"

एकजण हसला. हसला म्हणूनच बहुतेक शेजाऱ्याला चेव आला. "मस्करी नको. साइड में खडा रहो, सबके बाद दूध लेना." लोक माझ्यापासून सरकले. माझ्या पुढच्या बाईने पदर नाकाला लावला. मी सगळ्यांच्या शेवटी उभा राहिलो आणि दूध संपलं. रिकामी बरणी घेऊन गल्लीतून परत येताना प्रत्येक दारातून मला पाहत होते.

संध्याकाळी आरोग्याची माणसं आली आणि आमच्या दारावर कागद चिकटवून गेली. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. त्यांच्या वहीत माझा खोकला आधीच लिहिलेला होता. कुणी लिहवला ते विचारायची गरज नव्हती. तो बांबूपाशी पाठ करून उभा होता.

त्या चौदा दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. सार्वजनिक नळावर बायकोला जाता येईना. पलीकडची एक बाई हंडा भरून दारापासून चार हातांवर ठेवायची आणि पळायची, जसा हंड्यालाच ताप आहे. मी खोलीत बसून हिशेब लावायचो, त्याने कुठला नियम कधी मोडला: परवा गच्चीवर सात जणांत पत्ते खेळला, काल मास्क हनुवटीवर होता, आज शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात दिली. हे सगळं मी पाठ केलं. शाळेतली कविता मी इतकी पाठ केली नव्हती.

आणि आखाजी त्या चौदा दिवसांत आली.

नवी घागर आणायला बाहेर जाता येत नव्हतं. घरातलाच माठ घासून आईने भरला. खरबूज नव्हतं, दोन आंबे त्या हंडेवाल्या बाईने दारात ठेवले होते. बायकोने थोडंसं पुरण घातलं. आई म्हणाली, "त्याले फोन कर. आवतन दे."

"मी नाही देणार."

"अरे, दारवर जाता येत नही ते फोनवर दे. रीत शे."

"दारावर कागद त्यानेच लावलाय. त्याला माझ्या बापाची चाड असेल तर येईल."

"पित्तर बिगर आवतनना येस का?"

मी खिडकीशी गेलो. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर तो ओट्यावर, त्याच्या बाजूला, भिंतीला टेकून बसला होता. आंघोळ केलेली, पांढरा सदरा, जाकीट नाही. मी बायकोला म्हणालो, "बघ, सणाच्या दिवशीही पहारा देतोय." तो बाराला तिथे होता, दोनला तिथे होता. बायको म्हणाली, "भिंतीवरून ताट देऊ का?" मी तिच्यावर असा ओरडलो की ती आत जाऊन भांडी आपटत बसली. चारच्या सुमारास तो उठला आणि आत गेला.

आम्ही तोवर कुणी जेवलो नव्हतो. वडिलांचं पान पाटापुढे तसंच. पुरणपोळीचे काठ वाळून वर उचलले गेले. ऊन उतरल्यावर आई त्या पाटावर बसली आणि नवऱ्याच्या वाटचं तिने खाल्लं. अन्न टाकता येत नाही म्हणून. खाता खाता एवढंच म्हणाली, "तुना बाप भुक्या गया रे."

तेव्हा मी ठरवलं. याला मी असंच उपाशी ठेवीन. कसं, ते माहीत नव्हतं.

कागद निघाल्यावर मी आधी बारीकसारीक करून पाहिलं. दुधाच्या वर्तुळात त्याची चप्पल दिसली की मी पायाने ती मागच्या वर्तुळात ढकलायचो. एकदा तर पार सातव्यात नेली. तो आला, चप्पल शोधत वर्तुळं मोजत मागे गेला, आणि मला वाटलेलं समाधान अर्धा दिवसही टिकलं नाही. तेवढ्याने भागणार नव्हतं.

मग त्याची आई आजारी पडली. गावी, त्याच्या भावाकडे. भिंतीमुळे दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं. त्याला तर मागाची सवय, तो फोनवरही ओरडायचा. म्हातारी खाणं सोडून होती आणि त्याचं नाव घेत होती. तोवर गावी जायचे पास मिळायला लागले होते. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून एक गाडी आमच्या भागाकडे निघणार होती. त्याने अर्ज भरला, डॉक्टरचा दाखला घेतला, पास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. त्याच्या बायकोने दशम्या केल्या, वास आमच्या खोलीत आला.

मी दुपारी फोन उचलला आणि हेल्पलाइनवर लावला. पलीकडे एक मुलगी होती, दमलेली. शेजाऱ्याला ताप आहे, असं मी सांगितलं.

"केटला दिवसथी ताव छे?"

"चार दिवसथी," मी म्हणालो. "गोळ्या खाऊन लपवतोय. घरात दोघांना आहे. अने काले गाम जवाना छे, गाडीमां."

"तमे कोण?"

"पाडोशी."

एवढंच. माझा आवाज एकदम साधा होता. फोन ठेवून मी चहा मागितला. चहा चांगला लागला, हे आठवतं.

तासाभरात आरोग्याची माणसं आली. तो नुकताच बाहेरून आला होता, रखरखत्या उन्हातून, पिशव्या घेऊन. कपाळावर यंत्र धरलं तर आकडा थोडा वर निघाला. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापणारच. पण तो गल्लीभर फिरणारा माणूस, आणि फोन आलेला. त्यांनी पास घेतला आणि कागद काढला. आमच्या दारावर लावला होता तेवढ्याच उंचीवर लावला.

तो ओट्यावर आला. हिंदी विसरला होता.

"भो," त्याने माझ्या दाराकडे पाहून हाक मारली, "तू सांग यासले. भित एक शे आपली. माले ताप शे का? तू सांग."

आरोग्यवाला माझ्याकडे वळला. मी उंबऱ्यात उभा होतो. एक शब्द पुरला असता.

"हमको क्या मालूम, साहब," मी म्हणालो. "हम तो घर में रहते हैं. नियम से."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दारावरच्या कागदाकडे. 

त्याची आई नवव्या दिवशी गेली. भावाने अग्नी दिला. त्याने ते मोबाईलवर पाहिलं, ओट्यावर उकिडवं बसून, फोन दोन्ही हातांत धरून. मध्येच चित्र अडकायचं. तो पलीकडच्यांना ओरडून सांगायचा, "वर धर, वर धर, काही दिसत नही." मग बादलीभर पाणी तिथेच डोक्यावर ओतून घेतलं. ते पाणी कमरेएवढ्या भिंतीखालून आमच्या बाजूला आलं आणि माझ्या चपला भिजल्या.

मला बरं वाटलं. इथे खोटं लिहिणार नाही. मला वाटलं, आता बरोबरी झाली. माझा बाप, तुझी आई. चपला वाळत घालताना मी मनात हे दोनदा म्हटलं.

वर्ष गेलं. माग सुरू झाले. आम्ही पुन्हा समोरासमोर उभे राहिलो आणि हातांनी बोललो, दोऱ्यापुरतं, चहापुरतं. पुढची आखाजी आठ दिवसांवर आली तेव्हा तो एका संध्याकाळी आमच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर टेकला. आईशी बोलायचं होतं.

"माय, मन्ही मायनी पहिली घागर शे. तुम्ही बठशात का पाटवर?"

आई म्हणाली, "बठसू ना. का नही बठसू. पन आवतन देजो बरं. बिगर आवतनना मी येवाव नही. मी काही तुन्या गल्लीनी म्हातारी नही, शिट्टी वाजाडी की येवाले."

तो थोडा हसला. मग म्हणाला, "आवतन देसू माय. माले माहीत शे, बिगर आवतनना बठनं काय ऱ्हास ते. मागल्या साले मी दिवसभर भुक्या बठनू ना त्या ओटावर."

"काय?" आई म्हणाली.

"आबांना पित्तर मी व्हतू. सकायथून पानी बी नही पिधं. वाट देखी. म्हटलं दारवर कागद शे, घरमा तर बलावता येवाव नही, भितवरथून तरी ताट देतीन. चार वाजाले उठी गऊ."

"मंग मांगा काबर नही रे?"

"पित्तर मांगस का, माय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती तवा घासायला लागली, तो घासून झालेला होता तरी.

पांढरा सदरा. तिथेच बसून राहणं. मी ज्याला पहारा म्हणालो होतो तो माझ्या बापाचा उपास होता. त्याने माझा खोकला लिहवला, हे खरं. मला रांगेतून काढलं, हेही खरं. ते मी अजून सोडलेलं नाही आणि सोडावं असं वाटतही नाही. पण माझा बाप त्याने उपाशी ठेवला नव्हता. आवतण द्यायचं काम माझं होतं. माझा बाप मी उपाशी ठेवला, आणि त्याची शिक्षा एका म्हातारीला दिली, जिने मला एकदा स्वतःच्या हाताने कळण्याची भाकरी वाढली होती.

तो निघाला तेव्हा मी मागोमाग ओट्यावर गेलो. भिंतीच्या अलीकडून मी, पलीकडून तो.

"थांब," मी म्हणालो. "आईला न्यायच्या आधी एक ऐक. तो फोन मी केला होता."

"कोनता फोन?"

"तुला ताप आहे म्हणून. तुझा पास गेला तो."

मागावर उभं राहिल्यासारखे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. मी आणखी बोलत राहिलो, दुधाची रांग, कागद, बापाचं पान, सगळं. सांगता सांगता माझा आवाज चढला. माफी मागायला गेलेला माणूस भांडायला लागला होता.  मी थांबल्यावर त्याने भिंतीवरची धूळ तळहाताने पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मायले धाडजो," तो म्हणाला. "मी मातर तुन्हा घर येवाव नही."

मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग मीही मारलं असतं.

तेव्हापासून दर आखाजीला असं होतं. सकाळी मी आंघोळ करून त्याच्या उंबऱ्याशी जातो आणि म्हणतो, "जेवाले चाला." तो ओट्यावर पांढरा सदरा घालून बसलेला असतो. मान हलवत नाही, नाही म्हणत नाही. त्याची बायको माझ्या बायकोला सांगते की तो सकाळपासून पाणीही पीत नाही. चारपर्यंत तसाच उपाशी राहतो. चार वाजले की उठून आत जातो आणि स्वतःच्या घरी जेवतो. त्या वर्षी मी त्याला जितका वेळ उपाशी ठेवलं, तितकाच वेळ तो माझ्या बापाला उपाशी ठेवतो. मिनिटाची चूक नाही.

माझ्या पाटावर दुसरा कुणीही बसेल. गल्लीत आमच्याकडची माणसं कमी नाहीत. पण मी बसवत नाही. मला तोच पाहिजे. पश्चात्ताप म्हणून की अजून माझंच खरं करायचं म्हणून, हे मलाच नीट सांगता येत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास मी खिडकीच्या फटीतून तो पांढरा सदरा बघतो, मग घड्याळ बघतो.

आई मात्र त्या दिवशी दुपारी बाराला त्याच्या पाटावर बसते. तो स्वतः उपाशी, पण तिचे पाय धुतो, तिला वाढतो, आग्रह करतो. ती भरल्या पोटी परत येते, पदराला हात पुसते आणि आमच्या रिकाम्या पाटाशेजारी, वडिलांच्या झाकलेल्या ताटापाशी बसते. यंदा म्हणाली, "पुरन गोड व्हतं त्याना घरनं. तुन्या बायकोपेक्षा गोड." मग ताटावरचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"किती वाजनात?" तिने विचारलं.

"साडेतीन," मी म्हणालो.